मागच्या खोलीतली सही

भाजीपुरा, सोमवार, १२ सप्टेंबर २०२२

लाडक्या लक्ष्मीमावशी,

आधी तुझ्या पाया पडते, म्हणजे पुढे काही वेडंवाकडं लिहिलं तर तू रागावणार नाहीस.

रंजीता फोन का करत नाही, असं तू दौलतला विचारलंस म्हणे. मावशी, फोन आता माझा राहिला नाही, तो कौन्सिलरचा झाला. आणि कौन्सिलरचा फोन मैत्रीचे बाबा उचलतात. कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाची नाली तुंबली, सगळ्यांना एकच उत्तर, "मॅडम पूजेत हायत, मले सांगा." दिवसभर माझी पूजा चाललेली असते. देवही कंटाळला असेल. परवा गंमत म्हणून शेजारणीच्या फोनवरून मीच माझा नंबर लावला. माझा आवाज यांनी ओळखला नाही. मलाही सांगितलं, मॅडम पूजेत आहेत.

म्हणून हे पत्र. दौलतचा टेम्पो दर मंगळवारी तुमच्या वांकिडीकडे वांगी भरायला येतोच. तुझं उत्तर त्याच्याच हाती दे. तो ते त्याच्या आत्याला, सोजरबाईला देईल. घरी पाठवू नकोस. सोजरबाई आठवते ना? बाजारात आईच्या शेजारी अंबाडी घेऊन बसायची ती. अजून तिथंच बसते.

आता बातमी सांगते. आपल्या लोकांच्या समाजभवनाच्या मंडळावर माझी नेमणूक झाली. वरचा मजला नगरपालिकेच्या मदतीतून बांधला, तेव्हाच अट होती की मंडळावर दोन कौन्सिलर घ्यायचे. एक मी, दुसरा शेजारच्या वार्डाचा प्रवीण. अट कडक आहे. भवनातली कुठलीही जागा दुसऱ्या कामाला द्यायची तर आम्हा दोघांच्या सह्या लागतात. एकाची जरी नसली तरी ठराव बाद.

नेमणुकीच्या दिवशी मंचावर माझ्या नावाची खुर्ची होती. पण मंडळाचे अध्यक्ष कोण? माझे सासरे, भगवानराव. मामाजींच्या समोर सून खुर्चीवर कशी बसणार? बारा वर्षांत ते माझ्याशी समोरासमोर एक शब्द बोललेले नाहीत. घरात यायचं तर आधी खोकतात, मी उठून आडोशाला जाते, मग ते येतात. तर खुर्ची रिकामीच राहिली. शाल आणि नारळ यांनी घेतला. हार कोणाला घालायचा हे कोणाला कळेना, शेवटी तो खुर्चीच्या पाठीवर टाकला. भिंतीवरच्या फोटोला घालतात तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून बैठक समोरच्या हॉलमध्ये होते आणि मी मागच्या खोलीत बसते. या खोलीची किल्ली आणि बैठकीचा चहा सोजरबाईकडे असतो. चहाचा ट्रे घेऊन ती पुढे जाते, येताना त्यावर रजिस्टर असतं. मी सही करते, रजिस्टर परत जातं. आतापर्यंत चार सह्या केल्या, वाचलं एकही नाही. हे म्हणतात, "वाचाले मी आहो ना."

हे बरं आहे का गं मावशी? मला रोज वाटतं की मी कुठंतरी कोंडले गेले आहे, आणि बाहेरून लोक मला शुभेच्छा देत आहेत.

तुझी रंजीता


वांकिडी, मंगळवार, २० सप्टेंबर २०२२

कौन्सिलर मॅडम रंजीताबाई यांना,

मावशीचा भरभरून आशीर्वाद. खुर्चीला हार घातला ते वाचून मी इतकी हसले की चुलीवरचं दूध उतू गेलं. मग वाईटही वाटलं. तुझी आई असती तर तिनं तो हार उचलून तुझ्या गळ्यात घातला असता आणि भगवानरावांना सांगितलं असतं, आता खोका किती खोकायचं ते.

पण पोरी, तुला कोंडल्यासारखं कशाला वाटावं? सुरेंद्र व्यसनी नाही, हात उचलत नाही, पोरीला चांगल्या शाळेत घातलं आहे. त्याला मिरवायची हौस आहे, मिरवू दे. घरात बसून चार सह्या करायच्या, एवढंच तर काम. त्यावरून नवऱ्याशी वाकडं घेऊ नकोस. सही करून मोकळी हो. सहीनं कोणाचं काय जातं?

इकडे ज्वारी बरी आहे. पाखरं हाकलता हाकलता माझा घसा बसला. मैत्रीला सांग, तिच्यासाठी गोधडी शिवते आहे, अर्धी झाली.

तुझी मावशी


भाजीपुरा, सोमवार, १७ ऑक्टोबर २०२२

मावशी,

आज मी पहिल्यांदा रजिस्टर वाचलं.

ट्रेवर नेहमीसारखं आलं. मी पेन उघडलं, आणि पानावर 'मागील खोली' असे शब्द दिसले म्हणून ठराव पहिल्या ओळीपासून वाचला. लिहिलं होतं की मागील खोली वापरात नसल्यामुळे तिला शटर बसवून ती दुकानासाठी देण्यात यावी. बंडूभावजींना, म्हणजे माझ्या नणंदेच्या नवऱ्याला. मोबाईलचं दुकान टाकणार आहेत. खाली मंडळाच्या सगळ्यांच्या सह्या, प्रवीणची पण.

वापरात नसल्यामुळे! मावशी, हे मी वाचत होते तेव्हा त्या खोलीत एकोणीस बाया होत्या. तू किती वर्षांत आली नाहीस, म्हणून सांगते. सोमवारच्या बाजाराला खेड्यांवरून बाया पहिल्या गाडीनं येतात. बाजारात बायांना बसाउठायला आडोसा म्हणून ही एकच खोली आहे. एक नळ, मागे एक संडास, कोपरा फुटलेला आरसा, छताच्या कडीला साडीचा झोका. कोणी लेकराला पाजते, कोणी भाकरी खाते, कोणी पाठ टेकते. आई मला इथंच ठेवून वांगी विकायची. मी अ आ ई इथल्या भिंतीवर कोळशानं गिरवलं. चुना दिला तरी जवळ जाऊन पाहिलं की अजून दिसतं.

निवडणुकीत मी एकदाच माईक हातात घेतला होता, तुला सांगितलं होतं ना? बाकी सगळी भाषणं यांची. मी एकच वाक्य बोलले होते, "मागची खोली बायांचीच राहील." त्या वाक्यावर मला मतं पडली असं मी म्हणत नाही. पण या पाच वर्षांच्या कारभारात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक वाक्य आहे.

मी सोजरबाईला म्हटलं, हात ओले आहेत, सही पुढच्या बैठकीला करते. रजिस्टर परत गेलं. हॉलमध्ये कोणीतरी हसलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "हात ओले होते का डोकं?" मी म्हटलं, खोलीत बाया बसतात. तर म्हणाले, "बसतीन दुसरीकडं. तुले काऊन एवढं पडलं? सही तुझी नाई, सही कौन्सिलरची हाय."

सोजरबाईनं तक्रार केली नाही. तिनं नुसतं विचारलं, "बाई, आमी आता कुठं जाऊन बसाव?"

पुढची बैठक दिवाळीनंतर, एकवीस नोव्हेंबरला आहे. तोपर्यंत मला काहीतरी ठरवायचं आहे. तू सांग. आणि एक विचारते, तुझ्याकडे दोन माणसांना राहायला जागा होईल का?

रंजीता


वांकिडी, १८ ऑक्टोबर २०२२

चि. रंजी,

दौलत टेम्पो भरतो आहे, तेवढ्यात लिहिते. जागा होईल का, हे काय विचारणं झालं? दिवाळीला दोघं या. सुरेंद्रला तूरडाळीचे वडे आवडतात, ते करते. वरची खोली सारवून ठेवते. मैत्रीला आजीजवळ ठेवलं तरी चालेल, तुम्हाला दोन दिवस मोकळे मिळतील. एवढ्या तेवढ्या भांडणाला माहेरचं जेवण हेच औषध.

खोलीचं मात्र मला लिहू नकोस. खोल्या येतात, जातात. मला त्या गोष्टी वाचायला आवडत नाहीत.

दौलत हाका मारतो आहे.

मावशी


भाजीपुरा, सोमवार, ७ नोव्हेंबर २०२२

मावशी,

दोघं म्हणजे मी आणि मैत्री.

तुझं पत्र वाचून मी जवळजवळ तीन आठवडे काही लिहिलं नाही. रागावले होते. पण तुझ्याशिवाय मला आहे कोण? आई गेली, बाबा गेले, माहेर म्हणून तूच. तिथं यायचं तर तू वडे तळायला बसलीस.

आता सरळ लिहिते. त्या दिवशी हे एवढंच बोलले नव्हते. पुढचं मी तुला लिहिलं नाही. यांनी सांगितलं, "सही नाई करायची असंन तर मावशीकडं जाऊन राय. पोरगी इथंच राहीन." ओरडून नाही सांगितलं. टीव्हीचा आवाज कमी करून सांगितलं. मैत्री तिथंच वह्यांना कव्हर घालत होती. तिनं मान वर केली नाही, पण कव्हर उलटं घातलं.

सासूबाई मला रोज समजावतात, "बापा, एका सहीचं काय एवढं घेऊन बसली." मामाजी काही बोलत नाहीत, ते बोलणारच नाहीत. पण खोकणं वाढलं आहे. दिवसातून दहादा खोकतात, मी दहादा उठते. प्रवीण भेटला होता, तो म्हणाला, "वैनी, मलाबी नवतं पटलं, पण सगळ्यायनं केली म्हून केली."

नगरपालिकेतले एक साहेब बैठकीला येऊन बसतात, सगळे त्यांना 'सार' म्हणतात. तेलुगू माणूस आहे, कागदाला फार जपतो. त्यांनी मागे विचारलं होतं, मॅडम कुठं आहेत. यांनी सांगितलं, मॅडमना गर्दी सोसत नाही.

गर्दी सोसत नाही! मी बाजारात वाढले.

तू लिहिलं होतंस, सहीनं कोणाचं काय जातं. ते वाक्य मी घडी घालून ठेवलं आहे. येत्या एकवीसला सही करून टाकीन. तूही तेच म्हणतेस, घरचेही तेच म्हणतात, मग माझंच काहीतरी चुकत असेल.

गोधडी पूर्ण झाली का?

रंजीता


वांकिडी, मंगळवार, १५ नोव्हेंबर २०२२

रंजी, माझ्या लेकी,

मागच्या मंगळवारी दौलतला रिकाम्या हातानं पाठवलं. लिहायला बसले होते, जमलं नाही. कापसाच्या वेचणीला बाया लावायच्या होत्या, त्या कामाचा आडोसा घेतला. आज बाया रानात आहेत आणि मी घरात दार लावून बसले आहे. जे तुझ्या आईलाही सांगितलं नाही ते तुला सांगते.

तुझ्या लग्नाच्या कितीतरी आधी मी इथं पंचायतीत वार्ड मेंबर होते. तुला माहीत आहे, पण त्याचं काय झालं ते माहीत नाही. जागा बायांची निघाली, तुझ्या काकांनी माझं नाव दिलं. पाच वर्षं मी पंचायतीच्या ओट्यावर एकदाही बसले नाही. रजिस्टर घरी यायचं, स्वयंपाकघरात. एका सकाळी मी भाकरी थापत होते. तुझे काका दारातूनच म्हणाले, "हात पूस अन् दस्तखत कर, माणूस खोळंबला." मी हात नीट पुसलासुद्धा नाही. त्या पानावर पीठ लागलं, ते मी फुंकरून उडवलं. एवढं सगळं मला आठवतं. पानावर काय होतं ते आठवत नाही, कारण मी वाचलंच नाही. मी सातवी पास होते, रंजी. मला वाचता येत होतं.

शाळेजवळ अंगणवाडीसाठी एक जागा राखून ठेवलेली होती. ती त्या कागदानं कापसाच्या गोदामाला गेली.

पुढं मीच अंगणवाडीची सेविका झाले. एकोणीस वर्षं लेकरं देवळाच्या ओसरीत बसवली. पावसाचं झोडपणं सुरू झालं की घरी पाठवायची. भाग्यलक्ष्मी नावाची एक पोर होती, फार हुशार. पावसाळाभर घरी राहायची, मग तिला रानात न्यायची सवय लागली, आणि ती शाळेत गेलीच नाही. आज माझाच कापूस वेचायला येते. मला मॅडम म्हणते. गावात सगळे म्हणायचे, सरकारनं आपल्या लेकरांना जागा दिली नाही. मीही त्यांच्यात बसून तेच म्हणायचे. सरकारनं दिली होती. मी देऊन टाकली. तुझ्या काकांच्या पाठीवर कोणीतरी हात ठेवला असेल, तेवढ्यासाठी.

सहीनं कोणाचं काय जातं, हे मी तुला लिहिलं तेव्हा माझ्या हाताला लाज वाटायला हवी होती. ते वाक्य फाडून टाक. मी स्वतःला एवढी वर्षं तेच सांगत आले, म्हणून तुलाही सांगितलं. खोलीचं लिहू नकोस म्हणाले ते पण त्याचसाठी.

सही करू नकोस, असं मी म्हणत नाही. मैत्री तुझी आहे, तिच्यावर मला डाव खेळता येणार नाही. ते तू ठरव. पण मावशीनं सांगितलं म्हणून केली, असं कधी म्हणू नकोस. माझ्या नावावर आणखी एक खोली नको.

वरची खोली सारवलेली आहे. दोघींना जागा आहे. वडे करणार नाही.

गोधडी पूर्ण झाली. पाठवत नाही. इथं ठेवली आहे.

तुझी मावशी


समाजभवन, मागची खोली, सोमवार, २१ नोव्हेंबर २०२२

मावशी,

हे पत्र मी खोलीत बसूनच लिहिते आहे. बाजार उठत आला आहे. सोजरबाई टोपल्या एकात एक घालते आहे, तिची गाडी साडेपाचची आहे, पत्र तिच्याच हाती देणार आहे.

रजिस्टर दोन वाजता आलं. ठराव तोच होता. माझ्या नावासमोरची जागा रिकामी, आणि तिथं कोणीतरी पेन्सिलनं बारीक फुली मारून ठेवलेली, म्हणजे मी चुकू नये. मी वाचायला लागले. मोठ्यानं वाचलं. का ते माहीत नाही, मैत्रीला वाचून दाखवते तसं. 'मागील खोली वापरात नसल्यामुळे' असं म्हटलं तेव्हा झोक्यातलं लेकरू रडलं आणि बाया हसल्या. मग कोणी हसेना.

मी फुलीच्या जागी लिहिलं, "खोली वापरात आहे. आज तेवीस बाया बसलेल्या आहेत. मला हा ठराव मंजूर नाही." खाली सही केली, तारीख घातली. माझे हात ओले नव्हते.

सोजरबाईनं रजिस्टर नेलं. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. मग त्या नगरपालिकेच्या सारांचा आवाज आला, "मॅडमनी लिहून दिलं आहे. ठराव बाद लिहा." मागून यांचा आवाज, "थांबा, मी विचारून येतो."

हे आले, पण उंबरठ्यापर्यंतच. आत बाया लेकरांना पाजत होत्या. या खोलीचा उंबरठा कुठल्या पुरुषानं ओलांडल्याचं मी लहानपणापासून पाहिलं नाही. यांनीही ओलांडला नाही. मागे मामाजी उभे होते, आणि बापासमोर बायकोला नावानं हाक मारायची आमच्याकडे रीत नाही. म्हणून हे कोणाकडेही न पाहता म्हणाले, "जरा बाहेर ये म्हणा तिले." कोणी मला तसं म्हटलं नाही.

मग मामाजी खोकले.

मावशी, बारा वर्षं त्या खोकण्यावर मी उठले आहे. स्वयंपाकातून, पूजेतून, तापात, मैत्री पोटात होती तेव्हाही. पाय आपोआप उठतात. आज पण उठायला लागले. सोजरबाईनं माझ्या मांडीवर एक लेकरू आणून ठेवलं, कोणाचं होतं देव जाणे, आणि म्हणाली, "बाई, धरा जरा, माह्या टोपल्या आवराच्या हायत." लेकरू मांडीवर असताना कसं उठायचं? मामाजी तीनदा खोकले. मी बसून राहिले. त्यांना माझ्याशी बोलता येत नाही, त्यांनीच पाळलेली रीत आहे. मग चपलांचा आवाज दूर गेला.

ठराव बाद झाला. रजिस्टरमध्ये तसं लिहिलं आहे, सारांनी मला दारातून दाखवलं. प्रवीण जाताना खिडकीपाशी थांबला, हात जोडून गेला.

मला आनंद व्हायला हवा. बाया फार खूष झाल्या. एकीनं मला कोथिंबिरीची जुडी दिली, एकीनं पेरू. मग गाडीची वेळ झाली तशा एकेक करून निघाल्या. तेवीस होत्या, आता आम्ही दोघीच आहोत. मांडीवरचं लेकरूही त्याची आई घेऊन गेली.

मला भीती वाटते आहे, मावशी. फार वाटते. खिडकीतून दिसतं, हे रस्त्यापलीकडे मोटारसायकलवर बसून आहेत. हॉर्न वाजवत नाहीत, फोनवर बोलत नाहीत, नुसते बसले आहेत. मैत्री शाळेतून घरी आली असेल. ती घरी नसती तर मी उद्याच दौलतच्या टेम्पोत बसून सरळ तुझ्याकडे आले असते. ती घरात आहे, म्हणून मला त्याच घरात जायचं आहे. तिला तिथून आणता येईल की नाही, मला माहीत नाही. उद्या नाही जमलं तर पुढच्या मंगळवारी. दौलतला सांगून ठेवलं आहे, वांग्यांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये दोघींपुरती जागा ठेवायची. तू गोधडी काढून ठेव.

सोजरबाई दोनदा येऊन गेली. आता कुलूप हातात घेऊन उभी आहे. बाजार उठला की ही खोली बंद करायची, हा नेम आईच्या वेळेपासूनचा आहे. "बाई, कुलूप लावाचं हाय," म्हणते, आणि माझ्याकडे न बघता म्हणते.

ही खोली मी सगळ्या बायांसाठी राखली, आणि मला तिच्यात आजची एक रात्रसुद्धा बसता येत नाही. मी तिला म्हटलं, थांब सोजरबाई, एवढी ओळ लिहू दे.

लिहून झाली. उठते.

रंजीता